राष्ट्रपतींच्या नावाने विकला जाणारा दयेचा अर्ज: घ्यावा की नाही?

जिल्हा न्यायालयाच्या फाटकाबाहेर अर्जनवीस, टायपिंगची टपरी आणि झेरॉक्सचं दुकान यांची रांग विदर्भात सगळीकडे दिसते. प्रतिज्ञापत्र, वारसाचा अर्ज, भाडेपट्टा ही त्यांची रोजची कामं, आणि बहुतेक जण ती नीट करतात. काहींकडे मात्र एक महागडा माल असतो: जन्मठेपेच्या कैद्यासाठी राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. "डायरेक्ट दिल्लीले पाठोतो भाऊ, वरून माफी आली का जेलवाल्याईले सोडाच लागते," असं सांगून काही हजार रुपये घेतले जातात. हिवाळी अधिवेशनासाठी सरकार नागपुरात आलं की याच मालाला साहेबांची चिठ्ठीही जोडून मिळते, आणि दर चढतो.

दुसऱ्या बाजूला तालुका विधी सेवा समिती आणि कारागृहातलं विधी सहाय्य केंद्र आहे. तिथे पैसे लागत नाहीत, पण तिथलं काम आपोआप होत नाही. दोन्हीकडून निघालेला कागद शेवटी कोणत्या टेबलावर जातो हे पाहिलं की निकाल लागतो. खेड्यातून येणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रकरणात राष्ट्रपतींच्या नावाचा अर्ज चुकीच्या पत्त्यावर जातो.

राष्ट्रपतींचा अधिकार कुठवर

राज्यघटनेच्या कलम ७२ प्रमाणे राष्ट्रपती तीनच प्रकारच्या प्रकरणांत शिक्षा माफ करू शकतात, कमी करू शकतात, बदलू शकतात किंवा थांबवू शकतात. पहिला प्रकार लष्करी न्यायालयाने दिलेल्या शिक्षेचा. दुसरा, ज्या विषयावर केंद्र सरकारचा कार्यकारी अधिकार चालतो त्या विषयाच्या कायद्याखालचा गुन्हा. तिसरा, फाशी, मग ती कोणत्याही कायद्याखाली झालेली असो. बाकी सगळं कलम १६१ खाली राज्यपालांकडे, म्हणजे प्रत्यक्षात राज्य सरकारच्या गृह विभागाकडे जातं.

आपल्याकडची प्रकरणं या चाळणीतून काढून पाहा. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या वादात खून झाला आणि जन्मठेप लागली, तर राष्ट्रपतींचा संबंध नाही. हुंडाबळी, दरोडा, वणीकडच्या कोळशाची साधी चोरी, तिथेही नाही. फौजदारी कायदा केंद्र आणि राज्य या दोघांच्या यादीत आहे, मग केंद्राचा अधिकार का नाही, असा प्रश्न वकीलही कधी कधी उभा करतात. राजीव गांधी हत्येच्या प्रकरणात हाच मुद्दा वर्षानुवर्षं घासला गेला. १८ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खुनाच्या शिक्षेत राज्याच्या मंत्रिमंडळाचा सल्ला राज्यपालांवर बंधनकारक आहे, फाईल राष्ट्रपतींकडे ढकलण्याचं कारण नव्हतं. नकली नोटांचं प्रकरण मात्र उलट आहे. चलन हा केंद्राचा विषय, त्यामुळे अशा शिक्षेत अधिकार केंद्राचा, हे १९७४ पासून ठरलेलं आहे. बडनेरा किंवा वर्धा स्टेशनवर रेल्वेच्या कायद्याखाली झालेली शिक्षाही केंद्राकडे जाते. सीबीआयने तपास केलेल्या प्रकरणात राज्याला सूट द्यायची असेल तर केंद्राची सहमती लागते.

आणखी एक अट टपरीवर कधीच सांगितली जात नाही: कलम ७२ दोषी ठरलेल्या माणसासाठी आहे. खटला चालूच असेल, पोरगा कच्चा कैदी असेल, तर दयेचा अर्ज करण्याची वेळच आलेली नसते. त्याला जामिनाचा अर्ज लागतो. पुढची पेशी कधी आहे ते विचारून वकील गाठणं हेच त्या घरचं काम. दिवाणी दावा, फेरफार, सोसायटीचं थकलेलं कर्ज, एस. टी. तून झालेली बडतर्फी, यांतलं काहीही राष्ट्रपतींच्या माफीत बसत नाही.

गोंधळाचं एक कारण मोबाईलवर येणाऱ्या अमेरिकेच्या बातम्या. तिथल्या राष्ट्राध्यक्षाने २० जानेवारी २०२५ ला एका सहीत दीड हजाराच्या आसपास लोकांना माफी किंवा सूट दिली. १९७४ साली फोर्ड यांनी निक्सन यांना आरोपपत्र येण्याआधीच माफ केलं. तिथे दोषी ठरायच्या आधीही माफी चालते आणि ती राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या मर्जीने देतो. पण तोही फक्त केंद्रीय कायद्याखालच्या गुन्ह्यांपुरता मोकळा असतो. तिथल्या एखाद्या राज्याच्या कायद्याखालची शिक्षा त्याला हलवता येत नाही, महाभियोग थांबवता येत नाही.

आपले राष्ट्रपती मर्जीने माफी देत नाहीत. कलम ७४ प्रमाणे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. सल्ला पटला नाही तर एकदा परत पाठवता येतो, तोच पुन्हा आला की मान्य करावा लागतो. मारू राम खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने दयेच्या अर्जालाही हाच नियम लावला, राष्ट्रपतींना आणि राज्यपालांनाही. त्यामुळे राष्ट्रपती भवनात ओळख आहे किंवा राज्यपालांची भेट घालून देतो, या दोन्ही गोष्टींची बाजारात किंमत असली तरी फाईलवर नाही. ओळख राष्ट्रपतींच्या सचिवालयातल्या शिपायाशी असो की आमदाराशी, शेरा गृह खात्यातूनच येतो.

पॅकेजात काय मिळतं

टपरीवरचा नमुना बहुधा चार पानांचा असतो. वर अशोकस्तंभाचं चित्र, खाली "महामहिम" असं ठळक. हे चित्र खाजगी अर्जावर छापायलाच नको, त्यावर कायद्याने बंदी आहे. मजकुरात म्हातारी आई, लहान लेकरं, नापिकी, कर्ज, आणि मग दोन पानं "अर्जदार निर्दोष असून त्याला गोवण्यात आले आहे". शेवटी स्पीड पोस्टाची पावती गिऱ्हाईकाच्या हातात. बहुतेक कुटुंबं ती पावती जपून ठेवतात, कारण पैशाच्या मोबदल्यात हाती लागलेली तेवढीच वस्तू असते.

अर्जात काय नसतं ते पाहा. सत्र खटल्याचा क्रमांक आणि वर्ष. निकालाची तारीख, कलमं, शिक्षा. उच्च न्यायालयात अपील केलं का, त्याचं काय झालं. कैद्याचा कारागृहातला क्रमांक. प्रत्यक्ष किती वर्षं, महिने, दिवस भोगले. आधी असा अर्ज केला होता का, आणि त्याचं उत्तर. एवढं नसेल तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याला प्रकरण शोधताच येत नाही. त्याला पहिलं पत्र कारागृहाला लिहावं लागतं.

त्यात एक वाक्य सुटलेलं असतं आणि ते सगळ्यात महाग पडतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७३ मध्ये (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३२) अट आहे की अठरा वर्षांवरच्या कैद्याचा शिक्षा कमी करण्याचा अर्ज तो तुरुंगात असल्याशिवाय विचारात घ्यायचा नाही. अर्ज कैद्याचा असेल तर तो तुरुंगाधिकाऱ्यामार्फत यायला हवा. नातेवाईक करत असतील तर अर्जात "शिक्षा झालेली व्यक्ती सध्या अमुक कारागृहात आहे" असं निवेदन हवं. चार पानांच्या रडगाण्यात ही एक ओळ नसते. शिवाय पॅरोलवर बाहेर असलेल्या किंवा परत न गेलेल्या कैद्यासाठीही काही ठिकाणी बिनधास्त अर्ज करून दिला जातो. तसा अर्ज टिकत नाही. उलट कैदी हजर झालेला नाही याची आठवण यंत्रणेला होते.

पोस्टात टाकलेल्या कागदाचं पुढे काय होतं तेही माहीत असावं. राष्ट्रपती सचिवालय तो केंद्रीय गृह मंत्रालयाकडे किंवा थेट राज्याकडे पाठवतं. विषय राज्याचा असेल तर तो मुंबईला गृह विभागात, तिथून पुण्याला कारागृह मुख्यालयात, आणि तिथून अहवालासाठी नागपूर किंवा अमरावतीच्या अधीक्षकाकडे उतरतो. म्हणजे मुलाकातीच्या दिवशी जो कागद खिडकीवर देता आला असता तो दिल्लीची वारी करून त्याच खिडकीवर येतो, आणि मधले महिने गेलेले असतात. राष्ट्रपती भवनाचं ऑनलाईन निवेदनाचं पोर्टलही हेच काम करतं: पोच क्रमांक देतं आणि कागद संबंधित खात्याकडे सरकवतं. ते फुकट आहे. त्यावर अर्ज भरून द्यायचे वेगळे पैसे घेतले जात असतील तर ते नुसते फॉर्म भरण्याचे आहेत.

निर्दोष असल्याचा मजकूर का कामाचा नाही? केहरसिंग खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राष्ट्रपती पुरावा पुन्हा तपासून न्यायालयापेक्षा वेगळं मत बनवू शकतात, मात्र तोंडी सुनावणीचा हक्क अर्जदाराला नाही. ते फाशीचं प्रकरण होतं. जन्मठेपेच्या मुदतपूर्व सुटकेत गृह विभाग पुरावा उकरत बसत नाही. तिथे लक्ष्मण नस्कर निकालातल्या (२००० साल) पाच गोष्टी पाहिल्या जातात: गुन्हा फक्त गुन्हेगार आणि पीडित या दोघांपुरता होता की समाजाला धक्का देणारा, तो पुन्हा घडण्याची शक्यता, गुन्हा करण्याची कैद्याची क्षमता उरली आहे का, त्याला आत ठेवून काही साधतं का, आणि घरची सामाजिक-आर्थिक स्थिती. टपरीवरचा अर्ज यातल्या पाचव्या गोष्टीवर पानं खर्च करतो आणि पहिल्या चार रिकाम्या सोडतो.

अपील पडून असताना पॅकेज घेणं हा तर शुद्ध तोटा. नानावटी प्रकरणात १९६० साली मुंबई राज्याच्या राज्यपालांनी अपील निकाली निघेपर्यंत शिक्षा स्थगित केली होती. प्रकरण न्यायालयापुढे असेल तेवढ्या काळात असा आदेश चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. नागपूर खंडपीठात अपील दाखल असेल तर तिथेच शिक्षा स्थगिती आणि जामीन मागायचा असतो.

या सेवेला पाचपैकी एक. तो एकही टायपिंग बरं असतं म्हणून.

विधी सेवेची फुकट मदत

कोठडीत किंवा तुरुंगात असलेल्या कोणालाही मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न किंवा जात पाहिली जात नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चं कलम १२ तसं सांगतं. घरातून मदत मागायला बाई गेली, मग ती आई असो, बायको असो की बहीण, तर तिलाही उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालण्याआधी हे पाहून घ्यावं. अर्जदार कैदी स्वतः आहे असं दाखवलं तर दाखल्याचा प्रश्नच येत नाही.

जायचं कुठे? तालुक्याच्या न्यायालयाच्या इमारतीतच तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. उच्च न्यायालयातल्या कामासाठी नागपूर खंडपीठाची विधी सेवा उपसमिती. १५१०० हा क्रमांक देशभर चालतो. धारणी किंवा एटापल्लीहून नागपूर गाठायचं तर एक दिवस आणि एक दिवसाची मजुरी जाते, त्यामुळे आधी फोन करून कोणता कागद लागेल ते विचारून निघणं बरं. कारागृहातही विधी सहाय्य केंद्र असतं. कैद्याने आत तोंडी मागणी केली तरी विधी स्वयंसेवक ती लिहून घेतो.

सोबत न्यायची कागदपत्रं फार नाहीत, पण ती नेमकी हवीत. सत्र न्यायालयाच्या निकालाची प्रत: कैदेची शिक्षा झाली की ती आरोपीला फुकट द्यायची असते, त्यामुळे ती कैद्याच्या सामानात किंवा कारागृहाच्या कार्यालयात सापडते, नव्याने पैसे भरून काढायची गरज सहसा नसते. उच्च न्यायालयाचा निकाल झाला असेल तर तो. आजार असेल तर सरकारी दवाखान्याचे कागद, खाजगी डॉक्टरची चिठ्ठी नव्हे. गुन्ह्याच्या वेळी वय कमी होतं असं म्हणायचं असेल तर शाळा सोडल्याचा दाखला. पॅरोल आणि फर्लो, म्हणजे तुरुंगातून मिळणाऱ्या तात्पुरत्या रजांच्या तारखा: कधी सुटला, कधी हजर झाला. या तारखा घरच्यांना तोंडपाठ असतात पण कागदावर नसतात, आणि एखाद्या वेळी उशिरा हजर झाला असेल तर माफीचे दिवस (चांगल्या वागणुकीबद्दल कारागृह शिक्षेतून कमी करतं ते) कापले गेलेले असतात. ते लपवून अर्ज केला तर कारागृहाचा अहवाल उलटा येतो.

मग मुख्य काम: भोगलेल्या शिक्षेचा हिशोब. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं हा खेड्यातला पक्का समज आहे. १९६१ साली गोपाळ गोडसे यांच्या याचिकेवरच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, सरकारने सूट दिल्याशिवाय सुटका नाही. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात, म्हणजे खुनात, चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सरकारला कायद्याखाली सोडताच येत नाही. ही अट आता संहितेच्या कलम ४७५ मध्ये आहे, आधी ४३३-अ मध्ये होती. माफीचे दिवस या चौदात धरत नाहीत. खटला चालू असताना कोठडीत काढलेले दिवस मात्र धरतात, आणि हेच दिवस हिशोबात विसरले जातात. त्यानंतर राज्याच्या मार्गदर्शक सूचना लागतात. महाराष्ट्रात ११ मे १९९२ आणि १५ मार्च २०१० च्या सूचनांत गुन्ह्याच्या प्रकाराप्रमाणे गट पाडले आहेत, आणि माफीसकट किती वर्षं पूर्ण व्हायला हवीत ते गटावर ठरतं. कोणत्या सूचना लागू? दोषी ठरवलं त्या दिवशी ज्या होत्या त्या, आणि नंतरच्या जास्त सवलतीच्या असतील तर त्यांचा फायदाही मागता येतो. आपल्या माणसाला कोणता गट लावला आहे हे अधीक्षकांकडून लेखी मागावं. चुकीचा गट हे सुटका लांबण्याचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुरुस्त करण्याजोगं कारण आहे. गट चुकल्याचं दिसलं तर त्यासाठी नागपूर खंडपीठात रिट याचिका होते, तीही विधी सेवेमार्फत.

फाईलवर पोलीस ठाण्याचा आणि शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचा अभिप्राय लागतो. गावातली फिर्यादीची माणसं काय म्हणतात, माणूस परत आला तर भांडण पेटेल का, हे पोलीस पाटलाकडून विचारलं जातं. घरच्यांनी पोलीस पाटलाला आधी भेटून, माणूस कुठे राहील, काय काम करेल, हे सांगितलेलं बरं. न्यायाधीशाचा अभिप्राय नुसता "शिफारस नाही" असा एका ओळीचा आला तर तो पुरत नाही. २०२२ साली राम चंदर विरुद्ध छत्तीसगड या निकालात कारणं देणं आवश्यक ठरलं आहे. या मुद्द्यावर फाईल परत पाठवायला लावता येते.

१८ फेब्रुवारी २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली, आणि तिने टपरीवरच्या धंद्याचा पायाच काढून घेतला. राज्याचं सुटकेचं धोरण असेल तर पात्र होणाऱ्या प्रत्येक कैद्याचा विचार सरकारने आपणहून करायचा आहे, अर्जाची वाट पाहायची नाही. म्हणजे कुटुंबाला अर्ज विकत घ्यायचा नाही, आपलं नाव पात्र कैद्यांच्या यादीत आलं का एवढंच विचारायचं आहे.

शिक्षा दुसऱ्या राज्यात झाली असेल तर? मध्य प्रदेश आणि तेलंगणाच्या सीमेवरच्या तालुक्यांत हा प्रश्न खरा आहे. बिल्किस बानो प्रकरणात ८ जानेवारी २०२४ ला हे पुन्हा पक्कं झालं: गुन्हा कुठे घडला किंवा कैदी कुठे ठेवला आहे हे पाहायचं नाही, ज्या राज्यातल्या न्यायालयाने शिक्षा दिली ते राज्य सरकार निर्णय घेतं. त्या प्रकरणात खटला मुंबईत चालला होता, म्हणून गुजरातने दिलेली सूट रद्द झाली. पांढुर्ण्यात गुन्हा घडून तिथल्या जिल्ह्यात खटला चालला असेल तर कैदी वरूडचा असला तरी फाईल भोपाळची.

आता विधी सेवेच्या उणिवा. नेमलेला वकील मध्येच बदलतो आणि घरच्यांना कळत नाही. कागद आत कैद्याकडे जातो, बाहेर बायकोला काही माहीत नसतं. अर्जाचा साचा ठरलेला असतो, त्यात नाव आणि क्रमांक बदलून काम भागवलं जातं. पाठपुरावा हा तर सगळ्यात कच्चा भाग, कारण अर्ज पाठवला की फाईल बंद धरली जाते. यावर उपाय कंटाळवाणे आहेत पण चालतात. वकील नेमल्याच्या पत्राची प्रत मागून घ्या, त्यावर नाव असतं. अर्जाचा जावक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. काही महिने हालचाल नाही असं दिसलं तर कारागृह आणि गृह विभाग या दोन्हीकडे माहिती अधिकारात "अमुक जावक क्रमांकाच्या प्रस्तावावर आजपर्यंत झालेली कार्यवाही" एवढंच विचारा. लांब प्रश्न विचारला की लांबच उत्तर येतं आणि त्यात काही नसतं.

पाचपैकी साडेतीन. पाठपुरावा घरच्यांनी उचलला तर चार.

फाशीचं प्रकरण वेगळं

फाशीत राष्ट्रपतींकडचा अर्ज खरा असतो आणि तिथे टपरी, एजंट, ओळख यांच्या जवळही जाऊ नये, कारण मुदती मोजलेल्या आहेत. महाराष्ट्रात फाशीची व्यवस्था नागपूर आणि येरवडा इथे आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ प्रमाणे अधीक्षकाने सर्वोच्च न्यायालयाचा नकार कळवल्यापासून, किंवा उच्च न्यायालयाने शिक्षा कायम करून अपिलाची मुदत संपल्याचं कळवल्यापासून, ३० दिवसांत दयेचा अर्ज करायचा. कैदी करू शकतो, वारस किंवा नातेवाईकही करू शकतो. आधी राज्यपालांकडे करता येतो. त्यांनी फेटाळला तर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. एकाच गुन्ह्यात अनेकांना फाशी असेल तर सगळ्यांचे अर्ज एकत्र निकाली काढायचे, त्यामुळे साथीदाराने अर्ज केला आहे का याची चौकशी करावी. केंद्राने राज्याचं म्हणणं आणि कारागृहाचे कागद आल्यापासून ६० दिवसांत शिफारस करायची. राष्ट्रपतींच्या निर्णयाला मात्र मुदत घातलेली नाही. निर्णय झाल्यावर ४८ तासांत तो राज्याला आणि अधीक्षकाला कळवायचा.

शिवाय त्याच कलमात लिहिलं आहे की राष्ट्रपती-राज्यपालांच्या आदेशाविरुद्ध अपील नाही आणि तो कसा घेतला याची न्यायालयात चौकशी नाही. हे वाचून घरचे हात टेकतात. पण घटनेने उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांना दिलेली रिट याचिकेची वाट साध्या कायद्याने बंद होत नाही. २००६ च्या एपुरू सुधाकर निकालात न्यायालयाने आंध्र प्रदेशच्या राज्यपालांनी दिलेली सूट रद्द केली आणि कारणं घालून दिली: विचार न करता घेतलेला निर्णय, दुष्ट हेतू, भलत्याच गोष्टींचा विचार, महत्त्वाचे कागद पुढे न ठेवणं, मनमानी. २१ जानेवारी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात अक्षम्य विलंब, मानसिक आजार अशा कारणांवर १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली गेली. फेटाळल्याचं कळवणं आणि फाशी यांत किमान १४ दिवस हवेत, हाही नियम तिथलाच.

हे १४ दिवस पहिल्या अर्जाचे असतात. याकूब मेमनचा प्रसंग नागपूरला आठवत असेल. पहिला अर्ज २०१४ मध्ये फेटाळला गेला होता. २९ जुलै २०१५ ला नवा अर्ज त्याच दिवशी फेटाळला गेला, रात्री तीनच्या पुढे सर्वोच्च न्यायालय बसलं, आणि सकाळी फाशी झाली. दुसऱ्या अर्जाने नवे १४ दिवस मिळत नाहीत, हे तेव्हा ठरलं. म्हणून पहिलाच अर्ज पूर्ण हवा: आजारपणाचे कागद, वय, एकांत कोठडीत ठेवलं असेल तर त्याच्या तारखा, सगळं त्यातच.

विलंबाच्या तारखा घरच्यांनीही लिहून ठेवाव्यात. कोल्हापूरच्या दोन बहिणींचा अर्ज २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी फेटाळला, त्याआधी सात वर्षांहून अधिक काळ तो फिरत राहिला, आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच विलंबावर फाशी रद्द केली. पुण्याच्या एका प्रकरणात मे २०१७ मध्ये अर्ज फेटाळल्यावर जवळपास दोन वर्षं फाशीची तारीखच काढली नाही. ती शिक्षा २०१९ मध्ये बदलली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला, शिवाय प्रत्येक राज्याच्या गृह विभागात दयेच्या अर्जांसाठी वेगळा कक्ष हवा असं सांगितलं. कागद किती सैल फिरतो याचा कळस म्हणजे २०१२ सालचा एक आदेश: राष्ट्रपतींनी एका कैद्याची फाशी जन्मठेपेत बदलली, आणि तो कैदी २००७ मध्येच बेळगावच्या तुरुंगात मरण पावला होता.

सुटल्यावरचं एक

सूट मिळाली म्हणजे डाग पुसला असं पॅकेजवाले हमखास सांगतात. पूर्ण माफीत दोष आणि शिक्षा दोन्ही जातात. मुदतपूर्व सुटकेत फक्त उरलेली शिक्षा जाते, दोषी ठरवणं तसंच राहतं. १९६१ पासून सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं हेच आहे, आणि ते निवडणुकीच्याच एका वादात आलं होतं. त्यामुळे सरपंचकीचा फॉर्म भरायला निघालेल्याने ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ आधी वाचावं: सहा महिने किंवा जास्त शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. शिवाय सुटका अटींवर असते. अट मोडली असा आरोप आला तर बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय ती रद्द करता येत नाही, पण पोलीस ठाण्यात हजेरीची अट असेल तर ती पाळलेली बरी. हजेरीच्या नोंदीची झेरॉक्स घरी ठेवावी.

टायपिंगच्या टपरीवर राग धरायचं कारण नाही. मजकूर विधी सेवेच्या वकिलाकडून पक्का करून आणा, खटल्याचा क्रमांक, भोगलेले दिवस आणि "अमुक कारागृहात आहे" ही ओळ त्यात आहे का ते पाहा, मग पानाच्या नेहमीच्या दराने तिथेच टाईप करून घ्या. तीन प्रती काढा: एक अधीक्षकांना मुलाकातीच्या दिवशी देऊन दुसरीवर पोच घ्यायची, तिसरी गृह विभागाला स्पीड पोस्टाने.